कोळशाच्या छिद्रांतील स्पर्धा

सक्रियित कोळसा विष धरून ठेवतो, हे आपण जाणतोच. परंतु मिश्रणातून तो नेमके काय निवडतो? वायू वा द्रवातील रेणू घनाच्या पृष्ठभागास चिकटणे म्हणजे अधिशोषण. पृष्ठभागावरील जागा मर्यादित मानून लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये त्याचे गणित मांडले. मिश्रणात या जागांसाठी स्पर्धा लागते. मायर्स व प्राउसनिट्झ यांचा वायुमिश्रणांविषयीचा १९६५ चा सिद्धांत १९७२ मध्ये राडके व प्राउसनिट्झ यांनी विरल द्रावणांस लागू केला. त्यामुळे एकेका घटकाच्या मापनावरून मिश्रणाचे अनुमान बांधता येते.

वैद्यांसाठी बोध स्पष्ट आहे. कोळशास विष व औषध हा भेद कळत नाही. विषबाधेत रुग्णालयाने कोळसा दिला असल्यास लगोलग काढा पाजू नये. काढ्यातील घटक विषाची जागा अडवू शकतात आणि औषधही वाया जाते.