वेगाला आवर

मोटारीची थोरवी बहुधा तिच्या वेगावरून सांगितली जाते. किती सेकंदांत ती ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते याची चर्चा घरोघर होते. पण तोच वेग किती अंतरात आवरता येतो, हे विचारणारा विरळाच. अशा स्थितीत आपल्या चपळ मोटारीला अधिक चांगले ब्रेक असावेत असे एखाद्या मालकास वाटले, तर ती इच्छा स्तुत्यच होय. मात्र ती मोटार रोज कचेरीला, बाजाराला आणि मुलांना शाळेत पोचवायला जाणार असेल, तर पैसा कोठे खर्चावा हे ठरविण्यापूर्वी ब्रेकचे कार्य नीट समजून घेतले पाहिजे.

तळहात एकमेकांवर जोराने घासले की ते तापतात. ब्रेकचे तत्त्व हेच. पेडल दाबताच नळ्यांतील ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, पॅड चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या गतीत सुमारे ९६ किलोज्यूल ऊर्जा असते. ताशी १०० किलोमीटरला ती सुमारे ३८६ होते. वेग दुप्पट, परंतु ब्रेकचे ओझे चौपट!

असे असले तरी मोटार अखेर थांबते ती टायरमुळे. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. त्याची पकड संपली की चाक घसरू लागते. ब्रेक कितीही जोरकस असले तरी या मर्यादेपलीकडे त्यांचे काही चालत नाही. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबण्यास सुमारे ५० मीटर घेते. पावसात पकड निम्मी झाली तर हेच अंतर दुप्पट होते. चालकाने पेडलवर पाय ठेवण्यास एक सेकंद घेतला तर त्यात आणखी २८ मीटर जातात. म्हणून झिजलेल्या टायरांवर मोठ्या चकत्या बसविणे हे व्यर्थ खर्चाचे काम होय.

मग मोठ्या चकत्या निरुपयोगी आहेत काय? तसेही नाही. ब्रेक एकदाच नव्हे, तर पुनःपुन्हा लावावे लागतात तेव्हा त्यांचे मोल कळते. फ्रान्समधील ल मां येथे १९५३ साली झालेल्या चोवीस तासांच्या शर्यतीत चकतीचे ब्रेक असलेली जॅग्वार मोटार ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने विजयी झाली. ड्रमच्या बंद डब्यात उष्णता कोंडून राहते; उघड्या चकतीला वारा लागतो आणि ती लवकर निवते. रोजच्या चालकाला अशी कसोटी शर्यतीत नव्हे, घाटात लागते. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना जो सतत पेडलवर पाय ठेवतो, त्याचे ब्रेक तापून पकड मंदावते. खालच्या गिअरमध्ये उतरणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

दुसरा धोका ऑइलचा. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ठरावीक ओलावा मुरल्यावर त्याच प्रतीला १५५ अंशांची मर्यादा पुरेशी मानली जाते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते. हे ऐन उतारावर घडले तर परिणाम सांगावयास नको.

यावरून सुधारणेचा क्रम ठरतो. प्रथम टायर पाहावेत. मग कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचे नवे ऑइल भरावे व ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. त्यानंतर पॅड. येथे पुष्कळांची फसगत होते. शर्यतीचे पॅड तापल्यावर उत्तम पकडतात, परंतु थंड असता दुबळे ठरतात. पहाटे घराबाहेर पडताच समोर मूल धावत आले, तर थंड पॅडनेच मोटार थांबली पाहिजे. म्हणून रोजच्या वापरास रस्त्यासाठीच बनविलेले, जरा वरच्या दर्जाचे पॅड योग्य. नवे पॅड चकतीवर बसेपर्यंत पॅडबरोबरच्या सूचनांनुसार ब्रेक बेताने वापरावेत.

एवढे करूनही घाटात पकड मंदावत असेल, तरच मोठ्या चकत्यांचा विचार करावा. तेव्हाही पुढच्या व मागच्या ब्रेकांचा समतोल सांभाळावा लागतो. मागची चाके आधी अडकली तर मोटार गर्रकन फिरते; पुढचेच ब्रेक वाजवीपेक्षा बळकट केले तर मागच्या टायरांची पकड वाया जाते. म्हणून हे काम त्याच मोटारीसाठी योजलेल्या भागांनी आणि जाणत्या मेकॅनिककडूनच व्हावे. चाकाआडून दिसणारा लाल रंग नजर वेधून घेतो, पण थांबण्याचे अंतर वीतभरही कमी करीत नाही.

उत्तम ब्रेक म्हणजे सर्वांत मोठे ब्रेक नव्हेत. थंडीत, पावसात आणि घाटाच्या शेवटच्या वळणावरही पहिल्याइतकाच विश्वासाने साथ देतो, तोच ब्रेक उत्तम.