गोठ्यातला स्टुडिओ : स्मॉलफिल्म्स

ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन या दोघांनी १९५९ मध्ये ‘स्मॉलफिल्म्स’ ही मुलांसाठी ॲनिमेशन मालिका बनवणारी कंपनी सुरू केली. इंग्लंडच्या केंट परगण्यात, कँटरबरीजवळच्या ब्लीन गावी फर्मिन यांच्या शेतावरचा रिकामा गोठा हाच त्यांचा स्टुडिओ. लेखन, चित्रीकरण आणि निवेदन पोस्टगेट यांचे. चित्रे, बाहुल्या आणि नेपथ्य फर्मिन यांचे. मेकॅनो या खेळण्याचे सुटे भाग जोडून पोस्टगेटनी आपला कॅमेरा एकेक चौकट टिपण्याजोगा करून घेतला होता.

वेल्समधल्या छोट्या रेल्वे इंजिनाची गोष्ट सांगणारी ‘आयव्हर द इंजिन’ ही पहिली मालिका. पुढे ‘नॉगिन द नॉग’ आली. १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, ‘क्लँगर्स’ बीबीसीवर झळकली. दूरच्या छोट्या ग्रहावरचे हे गुलाबी, लांब नाकाचे जीव फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी लोकरीने विणले होते. ते शिट्टीत बोलत. पण त्यांचे संवाद आधी नीट इंग्रजीत लिहिले जात, मग त्याच चढउतारांनी शिट्टीवर वाजवले जात. मुलांना सगळे कळे. लहान प्रेक्षकांवरचा इतका विश्वास टीव्हीवर विरळाच.

१९७४ च्या ‘बॅगपस’मधले कापडी मांजर नारिंगी व्हायचे होते, कापड रंगवताना चूक झाली आणि ते गुलाबी पट्ट्यांचे झाले. या मालिकेचे जेमतेम १३ भाग निघाले. तरीही १९९९ च्या बीबीसी मतदानात ब्रिटिश प्रेक्षकांनी तिलाच सर्वांत लाडकी बालमालिका ठरवले.