ताऱ्यांचे वजन सांगणारे ग्रहण

ताऱ्याचा रंग दिसतो, तेज मोजता येते. त्याचे वस्तुमान मात्र कितीही मोठ्या दुर्बिणीतून दिसत नाही. ते कळण्याची सर्वांत खात्रीची वाट जोडताऱ्यांमधून जाते. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले आणि त्यांच्या कक्षेची पातळी आपल्या नजरेच्या रेषेत आली, तर ठरावीक काळाने एक दुसऱ्याच्या आड जातो. दोघांचे मिळून दिसणारे तेज उतरते, पुन्हा चढते. हा ग्रहणकारी जोडतारा. ग्रहण किती वेळ चालले यावरून ताऱ्यांचे आकार निघतात, तेज किती उतरले यावरून कोणाचा पृष्ठभाग जास्त तप्त ते समजते, आणि वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात त्यावरून वेग कळतो. वेग आणि फेरीचा काळ हाती आला की वस्तुमान काढणे हे निव्वळ गणित उरते.

अशी एक जोडी दिवाळीच्या रात्री आपल्या बीदर-कलबुर्गी भागातल्या औराद, भालकी किंवा आळंदच्या कुठल्याही शिवारातून नुसत्या डोळ्यांनी दिसते. उत्तरेला शर्मिष्ठेचा एम आकार ओळखा. तिच्या खाली, ईशान्येकडून वर चढणारा ययाती तारकासंघ आहे आणि त्यात अल्गोल. एरवी तो देवयानीतल्या गॅमा ताऱ्याइतका तेजस्वी असतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मात्र त्याचे तेज एकतृतीयांशाच्या आसपास येते. उतरायला पाच तास, चढायला पाच तास. आज रात्री अकराला त्याने तळ गाठला, तर तीन दिवसांनी तो आठच्या आधीच तळाशी असेल. तळाशी असताना ययातीतलेच डेल्टा आणि एप्सिलॉन हे एरवी त्याच्यापुढे फिके पडणारे तारे त्याच्याहून ठळक दिसतात. मोजमाप करायचे ते असे, शेजाऱ्यांशी ताडून.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिक या कर्णबधिर मुलाने १७८२-८३ मध्ये हेच केले. अल्गोलभोवती फिरणारे एखादे मोठे शरीर त्याला झाकत असावे, असा तर्क त्याने मांडला तेव्हा तो विशीतही नव्हता. रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी तो वारला. त्याचा तर्क खरा असल्याचा वर्णपटाचा पुरावा पॉट्सडॅमच्या फोगेल या खगोलशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दिला.

अल्गोल काही तरुण तारा नाही. खरी चुरस आहे ती नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांची. सोव्हिएत आर्मेनियाचे खगोलशास्त्रज्ञ व्हिक्टर अंबार्त्सुम्यान यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले, की आकाशात काही ताऱ्यांचे विरळ, विस्कळीत समूह आहेत. त्यांतले तारे परस्परांच्या ओढीने फार काळ बांधून राहणार नाहीत. ते अजून एकत्र दिसतात याचा अर्थच असा, की ते थोड्या काळापूर्वी जन्मले. या समूहांना असोसिएशन म्हणतात. एका समूहातले तारे साधारण एकाच वयाचे. म्हणून तिथे ग्रहणकारी जोडी सापडली की वस्तुमान, आकार आणि वय अशा तिन्ही गोष्टी एकत्र हाती येतात. तारा वाढत्या वयात कसा आकसतो याची सैद्धांतिक गणिते पुष्कळ आहेत. ती खरी की खोटी, हे अशाच जोडीवर ठरते.

मृग नक्षत्र आपल्याकडे शेतकऱ्याला पेरणीमुळे पाठ असते. ते डोळ्यांनी पाहायचे मात्र थंडीत. त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे पूर्वेला उगवताना उभ्या रांगेत असतात. त्यांतला सर्वांत वरचा मिंटाका हा मृगातल्याच तरुण असोसिएशनचा सदस्य आणि ग्रहणकारी जोडतारा आहे. त्याची फेरी ५.७३ दिवसांची, तेजातला फरक मात्र डोळ्याला न कळण्याइतका थोडा. खगोलशास्त्रज्ञ योहानेस हार्टमान १९०४ मध्ये याच्याच वर्णपटाचा अभ्यास करत होते. ताऱ्याच्या सगळ्या रेषा सरकत होत्या, कॅल्शियमची एक रेषा तेवढी जागची हलत नव्हती. ती ताऱ्याची नव्हतीच; वाटेतल्या वायूची होती. ताऱ्यांमधली पोकळी रिकामी नाही हे माणसाला या जोडताऱ्याने शिकवले.

त्याच मृगातल्या तेजोमेघाजवळ २००६ मध्ये दोन तपकिरी खुजांची, म्हणजे पुरता तारा होण्याइतके वस्तुमान नसलेल्या गोलांची, ग्रहणकारी जोडी जाहीर झाली. वस्तुमान सूर्याच्या साडेपाच आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्रिज्या मात्र सूर्याच्या निम्मी ते दोन तृतीयांश! वय जेमतेम दहा लाख वर्षे, म्हणून अजून फुगलेले. नवल असे, की दोघांपैकी जड असलेला थंड निघाला. गणिते नेमके उलट सांगत होती. जोरदार चुंबकीय क्षेत्रामुळे आतली उष्णता नीट वर येत नसावी, असे तेव्हापासून मानले जाते. मला या सगळ्या विषयात हा निकाल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे निसर्गाने पुस्तकाला थेट दुरुस्त केले.

ज्येष्ठा नक्षत्राच्या परिसरातली वृश्चिक असोसिएशन दिवाळीत सूर्यापाठोपाठ मावळते. ती मे-जूनमध्ये पाहावी. ताऱ्यांचे तेज अंतराळातून मोजणाऱ्या केप्लर यानाने २०१४ मध्ये तिच्याकडे सलग अडीच महिने पाहिले आणि तरुण ग्रहणकारी जोड्यांची अख्खी रांग हाती आली.

हे सारे आपल्या मुलखापासून दूरचे नाही. कलबुर्गीहून राज्य करणाऱ्या फिरोजशहा बहमनीने १४०७ मध्ये दौलताबादेजवळ वेधशाळा उभारायला घेतली होती. ते काम पाहणारे हकीम हसन गिलानी वारले आणि काम अपुरे राहिले, असे इतिहासकार फिरिश्ताने लिहून ठेवले आहे. पुढे बीदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथे नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये निजामिया वेधशाळा काढली. त्यांच्यानंतर ती सरकारकडे व मग उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. आकाशाच्या जागतिक छायाचित्र-नकाशासाठी तिने लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या, आणि टी. पी. भास्करन यांच्या काळात रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांचे वेधही घेतले.

आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे नाव कृष्णा दामोदर अभ्यंकर यांचे. बर्कलीला ऑटो स्ट्रुव्हे यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून ते हैदराबादला आले आणि निजामिया वेधशाळेचे संचालक झाले. जपाल आणि रंगापूर या दोन गावांच्या मधल्या माळावर १९६८ मध्ये या वेधशाळेची ४८ इंची दुर्बीण सुरू झाली. तिच्यावर एम. बी. के. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रहणकारी जोडताऱ्यांचे तेज रात्रीमागून रात्र प्रकाशविद्युत यंत्राने मोजले. एका जोडीचा पूर्ण आलेख भरायला अनेक हंगाम जात.

आता केप्लरसारखेच ताऱ्यांचे तेज मोजणाऱ्या टेस यानाची मोजमापे कोणालाही मोफत मिळतात. बीदर-कलबुर्गीच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी ती उतरवून घ्यावीत आणि एखाद्या तरुण जोडीचा आलेख स्वतः काढून पाहावा. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी अल्गोलपासून सुरुवात करावी. वहीत तारीख, वेळ आणि तो कोणत्या शेजाऱ्याइतका दिसला एवढे लिहावे, दर अर्ध्या तासाला. सीमाभागातल्या गावांत अजून काळोख शिल्लक आहे, तोवर हे काम हाती घ्या.