खाडीत हरवलेली जाळी

माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी नवीन पनवेलजवळून वाहत पनवेलच्या खाडीला मिळते, आणि या खाडीपट्ट्यातील कोळी-आगरी मच्छीमारांच्या दृष्टीने जाळे म्हणजे केवळ साधन नसून घरातील मोठी भांडवली गुंतवणूक असते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून रोवलेले नरसाळ्याच्या आकाराचे डोल जाळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, म्हणजे पाण्याची ओढ सर्वाधिक असताना, खुंटावरून सुटते, वाहून आलेल्या कचऱ्याच्या भाराने फाटते किंवा जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात अडकून तुटते.

पूर्वीचे सुती जाळे पाण्यात कुजून जाई. नायलॉनचे कुजत नाही, त्यामुळे मालकाला मुकलेले जाळेही मासे, खेकडे आणि कासवे अडकवीतच राहते, आणि जगभरचे अभ्यासक अशा जाळ्याला ‘घोस्ट नेट’ म्हणजे भुताचे जाळे म्हणतात.

नुकसानीचा आणखी एक प्रकार मच्छीमार स्वतः पत्करतो. कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी (व्हेल शार्क) यांसारखा कायद्याने संरक्षित जीव अडकला, तर तो सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते. त्यासाठी महाराष्ट्राच्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहकार्याने डिसेंबर २०१८ मध्ये २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना सुरू केली. ही योजना स्तुत्यच आहे. मात्र उधाणात वाहून गेलेले जाळे तिच्या कक्षेत येत नाही.