निर्देशसूची आणि प्रत्ययांचा शोध

शब्दसंचय संगणकात साठविला म्हणजे त्यातील शोध आपोआप त्वरित होतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. शोधाची गती निर्देशसूचीवर, म्हणजे इंडेक्सवर, अवलंबून असते. त्या सूचीचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१० लाख शब्दांच्या संचयातून 'कर'ने आरंभ होणारे शब्द हवे आहेत, असे समजू. सूची नसेल तर संगणकास प्रत्येक नोंद तपासावी लागते. शब्द क्रमाने लावलेले असतील तर दर तुलनेस निम्मे क्षेत्र वगळता येते व सुमारे २० तुलनांत इष्ट स्थळ सापडते. व्यवहारात बहुधा 'बी-ट्री' ही रचना योजतात. बायर व मॅक्राइट यांचा तीवरील निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तीत प्रत्येक पानास १०० फाटे धरले तर तीनच पायऱ्यांत १० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते.

तथापि सूची म्हणजे क्रम होय, आणि क्रम एकाच दिशेचा असतो. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) 'कर'ने आरंभ होणारे शब्द एकत्र मिळतात. '-पणा'ने अंत पावणारे शब्द वेचावयाचे तर सबंध कोश चाळावा लागतो. संगणकाचीही हीच अडचण आहे. सूची असूनही अशा प्रश्नास तिच्या क्रमाचा उपयोग होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक शब्द अंत्य चिन्हापासून उलट लिहून त्या रूपांची स्वतंत्र सूची करावी, आणि प्रत्ययही त्याच नियमाने उलटवून शोधावा. मग 'शहाणपणा' व 'मोठेपणा' हे एका गटात येतात. अंताचा शोध आरंभाचा शोध बनतो. उलटलेले रूप वाचनीय नसते, परंतु ते वाचण्यासाठी नसतेच.

प्रत्येक सूची जागा व्यापते आणि नवी नोंद करताना तीही सुधारावी लागते. म्हणून सरसकट सूची करणे इष्ट नव्हे. केलेली सूची खरोखर वापरली जाते की नाही, हे अनेक प्रणालींत 'एक्स्प्लेन' या आज्ञेने पाहता येते.

मराठीची विभक्ती, आख्याते व कृदन्ते मुख्यतः शब्दान्ती व्यक्त होतात. संचय केवळ आरंभानुसार लावला तर नेमके हेच प्रश्न मंद होतात, आणि ज्याचे उत्तर मंद तो प्रश्न हळूहळू विचारलाच जात नाही. सबब सूची कोणती असावी, हा निर्णय भाषाभ्यासकाने केवळ तंत्रज्ञावर सोपवू नये.