खडकात लपलेला दादा: समुद्री टाकीतून एकच मासा कसा पकडायचा?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा. बोललेलंच आहे, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत. सगळे नाही निघाले.

ठाण्याच्या एका ताईंची व्हॉइस नोट आली होती. घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, मध्ये दगडांचा डोंगर, त्यावर थोडे प्रवाळ. त्यात एक काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा डॅमसेल मासा, जेमतेम दोन इंचांचा. नवीन आणलेली फायरफिशची जोडी चार दिवस फिल्टरच्या पाइपामागे अडकून बसलीये, खायलाही बाहेर येत नाही. ताईंचा प्रश्न होता, "एवढ्याशा माशासाठी अख्खी टाकी मोकळी करू का?"

आधी हा मासा टाकीत येतो कसा ते बघू. नवीन समुद्री टाकीत माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्तीला यायला काही आठवडे लागतात. तोवरच्या विषारी पाण्यात टिकेल असा स्वस्त आणि चिवट मासा म्हणून दुकानदार वर्षानुवर्षं डॅमसेल देत आलेत. आता मासा न टाकता, नुसता अमोनिया घालूनही हे काम होतं. माझ्या मते तेच बरं. माशाचे हाल वाचतात आणि पुढची डोकेदुखीही.

कारण हा मासा टाकीत पहिला येतो आणि सगळी जागा आपली समजतो. समुद्रात हे मासे प्रवाळाच्या एखाद्या झुडपाला धरून राहतात, तेवढा तुकडा जिवावर उदार होऊन राखतात. हरलेल्या माशाला तिथे पळायला अख्खा समुद्र असतो. तुमच्या टाकीत पळून पळून पळणार कुठे? तीन फुटांवर काच. फायरफिशसारखा भित्रा मासा मग उपाशी राहतो, नाहीतर टाकीबाहेर उडी मारतो. म्हणून पकडापकडीचा विचार नंतर, आधी टाकीवर जाळीचं झाकण टाका. आजच.

आता जाळं. पहिल्या दिवशी सगळे जाळं घेऊनच उभे राहतात आणि अर्ध्या तासात घामाघूम होतात. पाण्यात जाळं हललं की पाणी ढकललं जातं, ती लाट माशाला अंगावरच्या रेषेतून कळते. शिवाय त्याला प्रत्येक कपार पाठ आहे, तुम्हाला एकही नाही. तुम्ही जितका पाठलाग कराल तितका तो सावध होतो आणि बाकीचे मासे फुकट घाबरतात. पाठलाग बंद.

त्याला आपल्याकडे यायला लावायचं. कोकणात पावसाळ्यात वाहत्या पाण्यात बांबूच्या कामट्यांचा सापळा लावतात तो पाहिलाय ना? तोंड रुंद, आत निमुळतं. आत जाणं सोपं, बाहेरची वाट सापडत नाही. तेच तत्त्व आपण पाण्याच्या बाटलीत वापरणार.

एक-दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या, साबण न लावता धुवा. वरचा गळ्याकडचा भाग कापून उलटा आत बसवा. तोंड डॅमसेल आरामात जाईल एवढं मोठं करा. गरम सुईने बाजूंना भोकं पाडा, म्हणजे पाणी खेळतं राहील आणि खाण्याचा वास बाहेर पसरेल. तळाशी टाकीतलाच एक दगड, आणि बाहेर ओढायला तंगूस बांधा. आत कोळंबीचा बारीक तुकडा. सापळा त्याच्या लाडक्या कपारीच्या दाराशी ठेवा.

पहिल्याच दिवशी तो आत जाईल ही अपेक्षा सोडा. तीन-चार दिवस सापळा तसाच राहू दे. बाकी टाकीत खाणं कमी करा, चांगलं खाणं फक्त सापळ्यात. भित्र्या माशांना मात्र त्यांच्या कोपऱ्यात ड्रॉपरने थोडं द्या, नाहीतर ज्यांच्यासाठी हा खटाटोप तेच उपाशी. आपण समोर नसताना सापळा लावून झोपायला जाऊ नका. आत भलताच मासा अडकून रात्रभर धडपडत बसेल. बजेट असेल तर वरून पडणाऱ्या दाराचा ॲक्रिलिकचा पिंजरा मिळतो. दार तंगुसाने वर धरायचं, हवा तोच मासा आत गेला की सोडायचं. बाटलीला निवड करता येत नाही, याला येते.

एक गंमत सांगतो. २००३ चा फाइंडिंग निमो आठवतो? डेंटिस्टच्या टाकीत डेब नावाची काळीपांढरी डॅमसेल असते. काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब ती आपली बहीण फ्लो समजते. खरा डॅमसेल प्रतिबिंबाला बहीण नाही, घुसखोर समजतो आणि अंगावर धावून जातो. म्हणून सापळ्याच्या मागच्या बाजूला, काचेबाहेरून, छोटा आरसा टेकवून बघा. खाण्याला न भुलणारा कधीकधी भांडणाला भुलतो.

सापळा फसला तर रात्र. हे मासे दिवसाचे. दिवे बंद झाले की ठरलेल्या कपारीत शिरून झोपतात. दोन-तीन रात्री मंद लाल टॉर्चने बघून ती जागा शोधा. दगड सुटा आणि वरचा असेल तर नशीब. बरेचदा मासा भोकातच दबा धरून बसतो आणि दगड उचलला की त्याच्यासकट बाहेर येतो. खाली टाकीच्याच पाण्याची बादली तयार ठेवा. दगड खालचा असेल तर हात लावू नका, ढीग कोसळून काच गेली तर काय?

इथे जरा गंभीर होतो. दगडावर झोआंथिड, म्हणजे बटणांसारखे दिसणारे मऊ जीव असतील तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय दगड हलवू नका. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. असा दगड गरम पाण्यात टाकायचा नाही, ब्रशने घासायचा नाही.

गळाचा पर्यायही आहे. अगदी बारीक गळ, उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला, टोकाला कोळंबी. ऐकायला क्रूर वाटतं, पण मी तरी याला अख्खी टाकी उपसण्याच्या आधी ठेवीन. पाणी उपसणं सगळ्यात शेवटी. उपसायचंच असेल तर पाणी स्वच्छ ड्रममध्ये साठवा, तेच परत घालायचंय. आणि हीटर आधी बंद करा. चालू हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. औषध-बिवषध टाकीत ओतू नका. तांब्याच्या औषधाने मासा पकडला जाणार नाहीच, कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मात्र मरतील.

तुमच्याकडे असे पट्टेवाले एकापेक्षा जास्त असतील तर एक धरून काम संपत नाही. त्यांच्यात कडक उतरंड असते. मुख्य नर गेला की सर्वांत मोठी मादी नर होऊन त्याची खुर्ची घेते. सापळा आठवडाभर तसाच ठेवा.

पकडलेल्याचं काय? बादलीतून भांड्यानेच उचला, पाठीवरचे काटे जाळीत अडकतात. दुकानदार परत घेतो का ते आधीच विचारून ठेवा. खाडीत किंवा समुद्रात सोडू नका, घर समुद्राला लागून असलं तरी. आपल्याकडच्या समुद्रातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून कॅरिबियनपर्यंत तिथले छोटे मासे फस्त करतोय.

ताई, फायरफिश लगेच बाहेर आले नाहीत तर काळजी नको, दोन-चार दिवस जातील. झाकण मात्र काढू नका. सापळ्याचे फोटो पाठवा, पुढच्या एपिसोडला बघू.