देव्हारा डेन्व्हरला जाताना

चिपळुणात ऐन पावसाळ्यात केलेला सागवानी देव्हारा अमेरिकेत डेन्व्हरला पोचला, की पहिल्याच हिवाळ्यात त्याला फटी पडू शकतात. सुताराचं काम चोख असूनही. पावसाळ्यात कोकणच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या निदान १६ टक्के पाणी धरून बसतं. डेन्व्हरच्या घरात हीटर सुरू झाला, आर्द्रता ३० टक्क्यांवर आली, की तेच पाणी हळूहळू ६ टक्क्यांवर उतरतं. लाकूड आटतं ते त्यामुळे.

लांबीत ते जवळजवळ आटत नाही, आटतं रुंदीत. किती, हे फळी ओंडक्यातून कशी कापली यावर ठरतं. फळीचं टोक बघा. वलयं रुंदीला समांतर, आडवी पडलेली असतील, तर वरच्या हिशेबाने फूटभर रुंद सागवानी फळी सुमारे ६ मिलिमीटर आटेल. वलयं उभी असतील तर अडीच. लाकूड तेच, झाडही कदाचित तेच! वखारीत ‘सागवान आहे ना?’ एवढंच विचारून परतणाऱ्याने अर्धीच चौकशी केलेली असते. उभ्या वलयांच्या फळ्या कमी निघतात, महाग पडतात, पण दारांसाठी आणि रुंद भागांसाठी त्याच घ्याव्यात.

जातीला अर्थ नाही असं नव्हे. सागवान, शिसव आणि महॉगनी कमी आटणाऱ्यांत मोडतात. बीच किंवा ओक आटण्यात यांच्या बरंच पुढे जातात. महॉगनीचा आणखी एक गुण: तिचं दोन्ही दिशांचं आटणं फारसं वेगळं नसतं, त्यामुळे फळी बाक कमी धरते.

मात्र उत्तम जातीचं लाकूडही ओलं असेल तर आटणारच. आणि कोकणात नुसतं सावलीत वर्षानुवर्षं ठेवलं, तरी ते तिथल्या हवेपेक्षा कोरडं होणार कसं? ते भट्टीत सुकवून ८ टक्क्यांपर्यंत आणलेलं हवं आणि काम होईपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला हवं. मॉइश्चर मीटर नसेल तर कोरड्या, एसीच्या खोलीत ठेवून दर आठवड्याला फळीचं वजन करावं. वजन घटायचं थांबलं म्हणजे ती त्या खोलीइतकी सुकली. पॉलिशच्या भरवशावर राहू नये. पॉलिश पाण्याची ये-जा मंद करतं, थांबवत नाही.

यानंतरही थोडं आटणं उरतंच, ते जोडणीत सामावून घ्यायचं. दाराची आतली फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळी बसवावी. चारी बाजूंनी सरसाने जखडली तर आटताना ती मधोमध तडकते. लाकूड कोरड्या मुलखात जाणार असल्याने फळीची कड खाचेत चांगली खोल जाऊ द्यावी, आणि बसवण्याआधीच त्या कडेला पॉलिश करावं. नाहीतर फळी आटली की चौकटीलगत कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडते.